आधी गणित, मग आवाज

‘गुरुत्वीय लहरी सापडल्या म्हणजे नेमकं काय सापडलं?’ असं मला मंडळात बरेचजण विचारतात. त्यांना मी २०१५ च्या नाताळची गोष्ट सांगतो.

२५ डिसेंबरच्या रात्री लुइझियाना आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या लायगोच्या दोन वेधशाळांतून एक लहर गेली. सुमारे १४० कोटी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत एक झाली होती. एक १४ सूर्यांएवढं, दुसरं ८. एक झालेलं विवर भरलं २१ सूर्यांचं. उरलेल्या एका सूर्याएवढ्या वस्तुमानाची ऊर्जा लहरी होऊन निघाली. इथे पोचेपर्यंत ती इतकी क्षीण झाली, की ४ किलोमीटरच्या नळीची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या जेमतेम हजाराव्या भागाएवढी बदलली.

सप्टेंबरातली पहिली लहर आलेखावर डोळ्यांनाही दिसली होती. ही मात्र गोंगाटात पार बुडालेली. मग सापडली कशी?

गणपतीला आपल्या हॉलमध्ये केवढा कलकलाट असतो! तरी आपल्या लेकराची हाक आईला बरोबर ऐकू येते, कारण तो आवाज तिच्या ओळखीचा असतो. इथेही तसंच. कोणत्या वजनाच्या जोडीची लहर कशी असेल, याचे लाखांवर नमुने आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून आधीच तयार होते. जड जोडीचा सूर झटपट संपतो, हलकीचा जास्त वेळ चढत राहतो. संगणक एकेक नमुना नोंदींशी ताडून पाहतो. ७० सेकंदांत एक जुळला: सेकंदभराची लहर, ५५ हेलकावे.

हे नमुने सहज बनलेले नाहीत. विवरं लांब असतात तोवर कागदावर उत्तर काढता येतं. शेवटची टक्कर संगणकावर सुटायला २००५ साल उजाडलं. ते काम फ्रान्स प्रिटोरियस यांचं. टकरीनंतर विवर घंटेसारखं घुमत शांत होतं, याचं गणित सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्येच मांडलं होतं. आणि असे नमुने कसे निवडावेत, हे पुण्याच्या आयुकातल्या संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ साली दाखवलं. तेव्हा लायगोचं बांधकामही सुरू झालेलं नव्हतं!

आता तशीच वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. ती सुरू झाली, की लहर आकाशात कुठून आली हे अधिक नेमकं कळेल. पुढच्या भारतवारीत नागनाथाच्या दर्शनाला गेलात, तर मुलांना एवढं जरूर सांगा.