कुत्रा काशीदला आणा, फणसाडला नको

काशीदला येणाऱ्या मुंबई-पुण्याच्या गाड्यांत हल्ली मागच्या सीटवर कुत्राही असतो. लेकरासारखा वाढवलेला जीव सुट्टीत घरी टाकून यायचा नाही, ही भावना मला पटते. पण समुद्र पाहून झाला की सुपेगावच्या वाटेने फणसाड अभयारण्याचा बेत ठरतो. तिथे मात्र कुत्रा नेऊ नये, पट्टा बांधूनही नेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. एके काळी जंजिऱ्याच्या नबाबाच्या शिकारीसाठी राखलेलं हे रान १९८६ साली अभयारण्य झालं. उन्हाळ्यात इथल्या जनावरांची सारी भिस्त ‘गाण’ म्हणतात त्या मोजक्या पाणवठ्यांवर. भेकर असो की सांबर, प्यायला त्याच ओल्या काठाशी यावं लागतं. तिथे कुत्र्याने एकदा पाय वर केला, की मालक निघून गेला तरी वास मागे उरतो आणि भेकराच्या लेखी तो शिकाऱ्याचाच वास असतो.

‘आमचा कुत्रा कुणाच्या अंगावर जात नाही, शिवाय पट्टा असतोच,’ असं सांगणारे मनापासूनच सांगतात. सिडनीजवळच्या जंगलांत नेमकं हेच तपासलं गेलं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पट्ट्याने बांधलेली कुत्री फिरवलेल्या वाटांवर पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि पक्ष्यांची संख्या ४१ टक्क्यांनी कमी आढळली. नुसती माणसं चालली तेव्हा एवढी घट झाली नाही. जिथे कुत्री नेहमीच फिरवली जात, तिथले पक्षीही त्यांना सरावले नव्हते. म्हणूनच ‘गावातली कुत्री तशीही रानात शिरतातच’ या म्हणण्यात दम नाही. त्यांनी आधीच घातलेल्या भारात आपण भरच घालतो. कुत्र्याला लस टोचलेली हवी, हे खरंच. २०१८ मध्ये गीरमध्ये काही आठवड्यांत २३ सिंह दगावले आणि त्यांतल्या काहींमध्ये कॅनाइन डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगाचा विषाणू सापडला. पण लस रोग अडवते. वास आणि भुंकणं नाही. धोका कुत्र्यालाही आहे. अकोले तालुक्यातल्या शेतशिवारात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या आहारात वजनाने ३९ टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. फणसाडमध्येही बिबट्या आहे.

एक आक्षेप मात्र मला रास्त वाटतो: मग कुत्रा ठेवायचा कुठे? कोकणातल्या उन्हात बंद गाडीत ठेवला तर तो जिवाला मुकेल. फाटकावर नुसती मनाई करून हे सुटत नाही. तिथे वनरक्षकाशी हुज्जत घालणाऱ्यालाही ऐन वेळी दुसरी सोय नसते. काशीदच्या घरगुती निवासवाल्यांनी खोली आरक्षित करतानाच पाहुण्याला ही गोष्ट सांगावी आणि अर्ध्या दिवसासाठी अंगणात सावली, पाणी, लक्ष ठेवायला माणूस अशी सोय करून तिचे रीतसर पैसे घ्यावेत. कुत्र्याला अनोळखी माणसापाशी करमत नसेल, तर घरातल्या एकाने मागे थांबावं आणि दोन पाळ्यांत रान पाहावं.