जॅझ कुणाच्या बापाचा?



जॅझच्या थोर रेकॉर्डींच्या याद्या निघतात. पंचवीस थोर, पन्नास थोर, शंभर थोर. मरायच्या आधी ऐकाच, अशाही निघतात. यादी करणारा रसिक असतो. त्याच्या घरी मऊ खुर्ची असते, पिवळा दिवा असतो, खिडकीबाहेर पाऊस असतो. तो सांगतो, डोळे मिटा आणि ऐका. मी सूतगिरणीत रिंगखात्यात काम करतो. डोळे मिटले की हात जातो. म्हणून मी म्हणतो, डोळे उघडे ठेवून ऐका.

त्या यादीत पहिल्या नाहीतर दुसऱ्या नंबरला माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' असते. असायलाच पाहिजे, रेकॉर्डच तशी आहे. 1959 च्या मार्च आणि एप्रिलमध्ये दोन दिवसांत केलेली, 17 ऑगस्टला बाजारात आलेली. रसिक इथपर्यंत सांगतो आणि सुस्कारा टाकतो. पुढचं मी सांगतो. 25 ऑगस्टच्या रात्री हाच माइल्स न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबबाहेर फुटपाथवर उभा होता. आत वाजवणारा तोच, बाहेर पाटीवर नाव त्याचंच. पोलीस म्हणाला, चल, हल इथनं. हा हलला नाही. डोकं फोडलं, कोट रक्तानं भरला, आणि अटकही त्यालाच. रेकॉर्ड बाजारात येऊन आठ दिवस झाले होते. यादीत ही रेकॉर्ड आहे, ते रक्त नाही. हेच तर त्यांचं रसग्रहण! माल घ्यायचा आणि माणूस दाराबाहेर ठेवायचा. आपल्याला हे नवीन आहे का?

1963 साली लेरॉय जोन्सनं, म्हंजे पुढच्या अमिरी बराकानं, 'जॅझ अँड द व्हाइट क्रिटिक' हा लेख लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : वाजवणारे मोठे लोक काळे आणि त्यांची समीक्षा करणारे बहुतेक गोरे. जे जगणं त्या वाजवण्यामागं आहे ते सोडून हे नुसते सूर मोजत बसतात. दलित कविता आली तेव्हा आपल्याकडच्या समीक्षकांनी काय केलं ते आठवा. वृत्त मोजलं, शिव्या मोजल्या, आणि आक्रस्ताळी म्हणून शेरा मारला.

आता आपल्या लोकांकडं वळतो. आपलीही मंडळी कमी नाहीत. आमच्याकडचा एक जुना कार्यकर्ता म्हणतो, "जॅझ? तो ताजमध्ये वाजायचा तो? गिरणीतल्या माणसाला कशाला पायजे ही साहेबी?" त्याचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. 1935 साली लिऑन अॅबी या काळ्या वादकाचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजत होता. समोर नाचणारे साहेब, राजे आणि शेठ. त्याच साली ऑक्टोबरात बाबासाहेबांनी येवल्याला सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही. भीमराव कर्डकांचे जलसे वस्त्यावस्त्यांतून तेच सांगत होते. काळ्या माणसाचं गाणं आणि आपलं गाणं एकाच मुलखात होतं, आणि मधे हॉटेलचा दरवान उभा होता. हे खरं आहे. पण म्हणून गाणं दरवानाचं होत नाही.

आणि ते दाराच्या आतच कोंडून राहिलं असंही नाही. ताजसारख्या हॉटेलांतून वाजवणारे गोव्याचे वादक पोटासाठी हिंदी सिनेमात आले. चिक चॉकलेट हा ट्रम्पेटवाला त्यातलाच. 1951 सालच्या 'अलबेला'त सी. रामचंद्रांच्या चाली, चिक चॉकलेटचा बँड, आणि पुढं नाचतो कोण, तर गिरणी कामगाराचा पोरगा भगवानदादा. त्या तालावर सारं गिरणगाव नाचलं. तेव्हा जॅझ आमच्या चाळीत येऊन बसलेला आहे. फक्त त्याचं नाव आम्हाला कोणी सांगितलं नाही.

दुसरा आक्षेप भाषेचा. इंग्रजी कळत नाही. अरे, ह्यातल्या निम्म्याहून जास्त रेकॉर्डींत शब्दच नाहीत! काळ्यांची कविता आपण अनुवादातनं वाचली, ब्लॅक पँथरवरनं 1972 साली दलित पँथरचं नाव घेतलं. वाचलं सगळं, ऐकलं काहीच नाही. जिथं अनुवादाची गरजच नव्हती तीच गोष्ट राहून गेली.

आता मुद्द्याचं. ढोलाचं.

1739 साली साऊथ कॅरोलिनात गुलामांनी बंड केलं. पुढच्याच वर्षी कायदा झाला आणि त्यात गुलामांच्या ढोलावर बंदी आली. मालकाला माहीत होतं की ढोल बोलतो, आणि तो काय बोलतो ते आपल्याला कळत नाही. आपल्याकडं उलटं झालं. गावानं आपल्या लोकांच्या गळ्यात हलगी अडकवली. मिरवणूक त्यांची, वाजवायचं आम्ही. देव त्यांचा, देवळाबाहेर उभं राहून वाजवायचं आम्ही. भाकरीचा तुकडा लांबनं टाकायचा. तिथल्या मालकानं ढोल हिसकावून घेतला, इथल्या मालकानं तो सक्तीचा केला. म्हणून आपल्या बापजाद्यांनी गावकी सोडताना वाजवणंही टाकलं. बरोबरच केलं. लाचारीचं वाजवणं टाकलंच पाहिजे होतं.

पण ताल टाकायचा होता का? न्यू ऑर्लिन्सच्या काळ्यांकडं बघा. लष्करी बँडाची वाद्यं, ट्रम्पेट, क्लॅरोनेट, तुतारीसारखा तो ट्रॉम्बोन. गोऱ्यांच्या कवायतीसाठी केलेली. त्यांनी ती उचलली आणि कवायत मोडून टाकली. आपल्या 14 एप्रिलच्या मिरवणुकीत वाजतो तो ब्रास बँडही लष्करातनंच आलेला. त्यातला क्लॅरोनेटवाला वर्षभर लग्नात सिनेमाची गाणी वाजवतो आणि एक दिवस भीमगीत. त्याला कुणी कधी विचारलं का, की बाबा, तुझं स्वतःचं काय आहे ते वाजव?

म्हणून जॅझ ऐकायचा. शौक म्हणून नाही. वाद्य बळकावून आपलं कसं करतात, ते शिकायला.

मग सुरुवात कुठनं? पुढं काय? रसिकाच्या यादीत नंबर असतात. मी साधी रीत सांगतो : रेकॉर्डवर वाजवणाऱ्यांची नावं असतात ती वाचा, आणि त्यातल्या एका माणसाचं बोट धरून पुढच्या रेकॉर्डवर जा. चळवळीतही आपण असंच एका माणसाकडनं दुसऱ्याकडं जातो.

पहिली धरा मॅक्स रोचची 'वुई इन्सिस्ट! फ्रीडम नाऊ स्वीट', 1960. कव्हरवर तीन काळे पोरं हॉटेलच्या काउंटरवर बसलेत आणि मागं गोरा वेटर. त्याच वर्षी 1 फेब्रुवारीला ग्रीन्सबरोत चार काळ्या विद्यार्थ्यांनी अशाच काउंटरवर बैठक मारली होती. आपल्याला चवदार तळं आठवणार. पाण्याचा प्रश्न असो की कॉफीच्या कपाचा, बसण्याचा हक्क एकच. त्यातलं पहिलं गाणं आहे 'ड्रायव्हा मॅन'. गुलामांवर चाबूक घेऊन उभा राहणारा मुकादम. पाच मात्रांचा ताल आणि दर पहिल्या मात्रेला फटका. चुकत नाही, थांबत नाही. मशिनपुढं उभं राहून ज्यानं पाठीमागं मुकादमाची चाहूल घेतलीय त्याला हे समजावून सांगायला लागत नाही. पुढं अॅबी लिंकन ही बाई मिनिटभराहून जास्त नुसती किंचाळते. त्यात शब्द नाहीत. रसिकांना हे ऐकवत नाही. संगीत आहे का हे, असं विचारतात. आमच्या आयाबायांनी मढ्यावर, जळलेल्या घरापुढं जो हंबरडा फोडला तो कुठल्या रागात होता?

तिथनं मॅक्स रोचचं बोट धरा. 1958 ला सोनी रोलिन्सच्या 'फ्रीडम स्वीट'वर ड्रम त्याचाच आहे. सॅक्सोफोन, बास, ड्रम, बस. पियानोसुद्धा नाही. एक अख्खी बाजू एकाच रचनेची. कंपनीला हे नाव जड गेलं. नंतर तीच रेकॉर्ड 'शॅडो वॉल्ट्झ' या नावानं काढली. स्वातंत्र्य खोडलं, सावली ठेवली.

रोचवरनंच चार्ल्स मिंगसकडं जा. 1957 ला आर्कान्सोच्या ऑर्व्हल फॉबस या गव्हर्नरनं नऊ काळी पोरं शाळेत जाऊ नयेत म्हणून बंदूकधारी उभे केले. मिंगसनं त्याची टिंगल करणारी रचना केली. 'मिंगस आह अम'मध्ये, 1959 साली, कोलंबिया कंपनीनं ती बिनशब्दांची घेतली. शब्दांसकट ती 1960 ला कॅन्डिड या छोट्या कंपनीत झाली. दोन्ही पाठोपाठ ऐका. गंमत म्हणजे ज्या न्यूयॉर्कात कोलंबिया नावाच्या विद्यापीठात बाबासाहेब 1913 ते 1916 शिकले, तिथल्याच कोलंबिया नावाच्या रेकॉर्ड कंपनीनं 1939 ला बिली हॉलिडेचं 'स्ट्रेंज फ्रूट' छापायला नकार दिला होता. झाडाला टांगलेल्या काळ्या माणसांचं गाणं. तेही एका छोट्या कंपनीनं काढलं.

हाच मिंगस लॉस एंजेलिसला वादकांच्या युनियनमध्ये लढला. काळ्यांची युनियन वेगळी, गोऱ्यांची वेगळी, चांगली कामं गोऱ्यांकडं. 1953 ला दोन्ही एक झाल्या, त्या प्रयत्नात तो होता. 'कामगार तेवढा एक' म्हणणाऱ्यांना हे ऐकवा. मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात आपल्या लोकांना घेत नव्हते, कारण तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि धागा बाटायचा. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल टाकला. वर्ग एक, पण धाग्यालाही जात!

मिंगसच्या कॅन्डिडच्या रेकॉर्डवर एरिक डॉल्फी आहे. त्याचं बोट धरलं की जॉन कोल्ट्रेन. नोव्हेंबर 1961 ला वाजवलेल्या 'इंडिया'त दोघं एकत्र. इथं माझं भांडण आहे. कोल्ट्रेनवर माझा जीव आहे, म्हणूनच भांडतो. त्याचा इंडिया म्हणजे सतार, ध्यान, अध्यात्म. पोराचं नाव त्यानं रविशंकरवरनं रवी ठेवलं. त्याच्या बायकोनं, अॅलिसनं, 1971 ला एका स्वामीच्या नावानं रेकॉर्ड काढली. रोलिन्स साठीच्या दशकाच्या शेवटी मुंबईत पवईच्या आश्रमात येऊन राहिला, आणि 1978 ला जॅझ यात्रेत वाजवून गेला. त्याच 1978 ला नामांतराच्या नावानं मराठवाड्यात आपली घरं जाळली. अमेरिकेच्या नरकातनं पळून ही माणसं शांती शोधत आली, आणि त्यांना दाखवला गेला तो देश ज्यांनी आपल्याला विहिरीवर चढू दिलं नाही त्यांचा. बाबासाहेबांनी 1946 ला डुबॉइसना पत्र लिहून दोन्हीकडच्या दुःखाचं नातं जोडलं होतं. गाण्यात ते नातं कुणी जोडलं नाही. कोल्ट्रेनच्या कानावर हलगी पडलीच नाही. दोष त्याला देऊन काय उपयोग?

तरीपण त्याचं 'अलाबामा' ऐका. 15 सप्टेंबर 1963 ला बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब ठेवून चार काळ्या मुली मारल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकराची. 18 नोव्हेंबरला कोल्ट्रेननं हे वाजवलं. पाच-सहा मिनिटं. शब्द एक नाही. खैरलांजी झाली 29 सप्टेंबर 2006 ला. चार माणसं. आपल्या शाहिरांनी घसा फोडून गायलं, चौकात, मोर्चात. पण ज्यांच्या तंबोऱ्याला हजार वर्षांची परंपरा आहे म्हणे, त्यांच्या मैफलीत तो षड्ज एक क्षण तरी कापला का? मग ही परंपरा कसली सांगता?

शेवटचा मुद्दा या कागदाचा. 1952 ला मिंगस आणि रोच यांनी स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, 'डेब्यू'. मोठ्या कंपन्या घेत नव्हत्या, घेतलं तर लुटत होत्या. पैसा तुटपुंजा, पण काय निघणार ते ठरवणारे हे. तुमच्या हातात हा सायक्लोस्टाइल अंक आहे, शाई बोटाला लागतीय, तो निघतो त्याच कारणानं.

तेव्हा काम सांगतो. वस्तीत फोन आहेत, फोनमध्ये ह्या सगळ्या रेकॉर्डी आहेत. रविवारी अभ्यासवर्गात तासभर ठेवा. आधी 'ड्रायव्हा मॅन', मग वामनदादांचं एखादं गाणं, मग 'अलाबामा'. कुणी व्याख्यान देऊ नका. बँडातला क्लॅरोनेटवाला, हलगीवाला, बेंजोवाला यांना पुढं बसवा. ते काय बोलतात ते ऐका, आणि त्यांनी वाद्य उचललं तर त्यांना फर्माईश करू नका. गावानं आजवर फर्माईशच केली.

पुढचं काय ऐकायचं म्हणून विचारता? ते अजून वाजलेलं नाही. ते आपल्याच वस्तीत वाजायचंय.

जय भीम.