गाठ मेंदूत, बोट मात्र आमच्या ताटाकडे

अळीची गाठ जिभेत होते, डोळ्यात होते, स्नायूत होते, मेंदूतही होते. रिपोर्टवर ‘न्यूरोसिस्टिसर्कोसिस’ लिहून आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "डुक्कर खाता का?" मोरा बंदरावरून लाँचने भाऊच्या धक्क्याला आणि तिथून दवाखान्यात, असे पेशंट नेताना हा प्रश्न आम्ही अनेकदा ऐकला आहे. प्रश्न वैद्यकीय असतो, सूर जातीचा.

आधी विज्ञान समजून घेऊ. दूषित डुकराचं मांस कच्चं राहिलं तर आतड्यात पट्टकृमी वाढतो. मेंदूतली गाठ मात्र त्या कृमीच्या अंड्यांमुळे होते आणि ही अंडी माणसाच्या विष्ठेतून येतात. न धुतलेला हात, मैल्याच्या पाण्यावरची भाजी, उघडी विहीर, एवढं पुरतं. म्हणून जन्मभर मांसाला न शिवलेल्यालाही हा आजार होतो. १९९२ साली न्यूयॉर्कच्या सनातनी ज्यू वस्तीतले असे चार रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले. तिथे डुक्कर धर्मानेच निषिद्ध! संसर्गाचा माग परदेशातून आलेल्या घरकामगारांपर्यंत गेला. यावर "मोलकरीण काढून टाका" म्हणणारे इथेही भेटतील. आम्ही म्हणतो, तिची तपासणी करा, तिला औषध द्या, तिच्या वस्तीला संडास द्या.

आहार विचारायला हरकत नाही. पण घरात संडास आहे का, पाणी कुठून येतं, हे का विचारत नाहीत?

आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, १९२७ साली बाबासाहेब महाडला चवदार तळ्याचं पाणी प्याले. नंतर सवर्णांनी ते तळं शेण-गोमूत्र ओतून ‘शुद्ध’ केलं. माणसाने बाटणारं पाणी शेणाने शुद्ध होतं! जातीच्या शुद्धतेचा स्वच्छतेशी संबंध कधीच नव्हता. ताटाकडे दाखवलेलं बोट त्याच शुद्धतेचं आहे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, हा कृमी जिथे रुजला आहे अशा अनेक भागांत फेफऱ्याच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे हाच आजार असतो. म्हणून तरुणांनो, वस्तीत कुणाला फिट आली तर चप्पल हुंगवू नका, देवऋषी गाठू नका, डॉक्टर गाठा. मांस पूर्ण शिजवा, हात साबणाने धुवा. आणि एवढ्यावर थांबू नका. हाताने मैला उचलायला लावण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी गटारात अजून आपलाच माणूस उतरवला जातो. ग्रामसभेत, नगरपालिकेत संडास, गटार आणि नळाचा हिशोब मागा. आपण काय खातो याचा हिशोब कुणालाही देऊ नका.

जय भीम!