'स्कॅम 2003': तेलगी बुडाला, पण भिवंडीच्या गोदामातला कागद कुणासाठी होता?

रील्स बघताना 'स्कॅम 2003'चा एखादा तुकडा कधी ना कधी समोर येतोच. मागे दणकेबाज म्युझिक, समोर गगन देव रियारनं साकारलेला अब्दुल करीम तेलगी आणि खाली कॅप्शन, 'माइंडसेट'. हर्षद मेहतावरच्या 'स्कॅम 1992'चंही असंच झालं होतं. मालिका लोभाची आणि लोभानं झालेल्या नाशाची गोष्ट सांगायला निघाली, बघणाऱ्यांनी त्यातून बिझनेसचे धडे काढले.

सोनी लिव्हवर सप्टेंबर आणि नोव्हेंबर 2023 मध्ये दोन भागांत आलेली ही मालिका तुषार हिरानंदानीनं दिग्दर्शित केली, शोरनर होता हंसल मेहता. आधार होता पत्रकार संजय सिंह यांच्या पुस्तकाचा. मालिका चांगली आहे, रियारचं काम तर अफलातून. पण कुठल्याही घोटाळ्यावरचा सिनेमा एका माणसाभोवती फिरतो. गरिबी, जुगाड, पैसा, नशा, अटक, शेवट. प्रेक्षकाला वाटतं, लोभी माणूस होता, वर गेला, खाली पडला, हिशोब संपला.

तेलगी प्रकरणाचा हिशोब असा संपत नाही. तो का संपत नाही हे कळायचं असेल तर तेलगीच्या कफ परेडच्या फ्लॅटपेक्षा भिवंडीच्या गोदामाकडे बघावं लागतं.

भिवंडी कुठून आली मध्ये?

2003 च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांच्या कारवाईत भिवंडीच्या गोदामातून बनावट मुद्रांकांचा प्रचंड साठा बाहेर आला. त्यावर छापलेली किंमत शेकडो कोटींच्या पुढे होती. प्रकरण राज्याच्या राजकारणाला हादरवणारं ठरलं, त्यात या साठ्याचा वाटा मोठा होता.

भिवंडीच का, याचं उत्तर भूगोलात आहे. यंत्रमागाचं गाव म्हणून भिवंडी सगळ्यांना माहीत. पण मुंबई-नाशिक महामार्गाच्या कडेनं मानकोली, दापोडे, काल्हेर, राहनाळ अशा गावांमध्ये गोदामांची दुसरीच भिवंडी उभी राहिली. कारण होतं जकात. मुंबई महापालिकेच्या हद्दीत माल शिरला की जकात लागायची, ग्रामपंचायतीच्या हद्दीत लागायची नाही. मग माल हद्दीबाहेर उतरवायचा आणि लागेल तसा शहरात न्यायचा. जुलै 2017 मध्ये जीएसटी आल्यावर मुंबईची जकात गेली, पण गोदामं राहिली आणि वाढली. आज तुमचं ऑनलाइन मागवलेलं पार्सल बहुतेक वेळा भिवंडीहूनच निघतं.

अशा ठिकाणी कागदाचे गठ्ठे उतरले तर कोण विचारणार? रोज शेकडो ट्रक येतात, ताडपत्री सुटते, हमाल माल उतरवतात, शटर पडतं. कुणाच्या गाळ्यात काय आहे हे शेजारच्या गाळेवाल्यालाही माहीत नसतं. गंमत म्हणजे याच महामार्गानं पुढे गेलं की नाशिक लागतं आणि नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस, म्हणजे खरे मुद्रांक छापणारा सरकारी छापखाना.

आधी मुद्रांक म्हणजे काय ते बघू

फ्लॅट घ्या, भाडेकरार करा, कंपनीचे शेअर्स ट्रान्सफर करा, विम्याची पॉलिसी काढा. सरकार म्हणतं, या व्यवहारावर शुल्क द्या. ते भरल्याचा पुरावा म्हणजे मुद्रांक. थोडक्यात, मुद्रांक ही कर भरल्याची पावती आहे, आणि तेव्हा ती पावती आधीच छापून विकली जायची.

इथेच सगळी गोम होती. पावती आधी छापलेली, विक्री परवानाधारक विक्रेत्याकडून, आणि विकलेला प्रत्येक कागद तपासून बघेल अशी मध्यवर्ती नोंद नाही. सरकारी तिजोरीत पैसे आले की नाही हे कागदाकडे बघून ठरायचं. कागद खरा दिसला की पैसे आले असं धरलं जायचं.

तेलगी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा. वडील रेल्वेत, ते लवकर गेले. पोरानं गाडीत फळं विकली, बेळगावात बीकॉम केलं, काही वर्षं सौदीत काढली. मुंबईत परतून आखाती देशांत माणसं पाठवायचा धंदा काढला आणि बनावट कागदपत्रांच्या प्रकरणात 1991 साली आत गेला. तुरुंगात त्याची ओळख झाली ती मुद्रांकांच्या धंद्यातल्या माणसाशी. 1994 मध्ये त्यानं चक्क सरकारी परवाना मिळवला, मुद्रांक विक्रेत्याचा. नाशिकच्या प्रेसमधून निकालात निघालेली यंत्रं त्यानं मिळवली, असं तपास यंत्रणांचं म्हणणं होतं. त्यामुळे त्याचा माल नकली वाटायचाच नाही. सरकारी छापखान्याच्याच जातीच्या यंत्रावर निघालेला कागद नुसत्या नजरेनं कोण ओळखणार?

बाजारात खऱ्या मुद्रांकांची टंचाई असायची आणि ती मुद्दाम घडवली जायची, असाही आरोप झाला. टंचाई असली की गिऱ्हाईक प्रश्न विचारत नाही. मिळतोय ना कागद, घ्या.

लोभ नेमका कुणाचा?

मालिकेत लोभ दिसतो तो डान्स बारमध्ये. एका रात्रीत 93 लाख उधळल्याची कथा त्या काळात पेपरांतून इतकी फिरली की आजही तेलगी म्हटलं की लोकांना तेच आठवतं. कथेत मसाला आहे, म्हणून ती टिकली.

पण जरा धंद्याच्या बाजूनं विचार करा. भिवंडीच्या गोदामातला तो ढीग काय पाच-पन्नास रुपयांचे मुद्रांक घेणाऱ्या माणसासाठी होता? कोर्टाबाहेर टाइपरायटरवाल्याकडून एक कागद घेणाऱ्या माणसाला एवढा माल संपवायला कित्येक जन्म लागले असते. तेलगीनं देशभर सुमारे 300 एजंट नेमले होते, असं त्या वेळच्या बातम्या सांगतात. आणि ते थेट घाऊक गिऱ्हाइकाकडे जायचे: बँका, विमा कंपन्या, शेअर दलाल. ज्यांना रोज हजारोंच्या संख्येनं तिकिटं आणि मुद्रांक लागतात.

आता हा कागद सवलतीत विकला जायचा. इथे थांबायला हवं. मुद्रांक म्हणजे कर. शंभर रुपयांचा कर नव्वदला कसा मिळेल? सरकार विक्रेत्याला थोडं कमिशन देतं, ते सोडलं तर त्यात सूट द्यायला जागाच नाही. भाजीवाला घासाघीस करून दोन रुपये कमी करतो, पण आयकर खात्याचं चलन डिस्काउंटमध्ये मिळतंय असं कुणी सांगितलं तर आपण संशय घेऊ की नाही? मोठमोठ्या संस्थांच्या खरेदी विभागांत बसलेल्यांना हा प्रश्न पडला नसेल हे पटत नाही. काहींना कमिशन मिळालं असेल, काहींनी संस्थेचे पैसे वाचवले म्हणून शाबासकी घेतली असेल. खटले चालले, पण गिऱ्हाइकाच्या लोभाची चर्चा कधी फारशी झाली नाही. तो लोभ दिसायला फार सभ्य होता, म्हणूनही असेल.

30 हजार कोटी म्हणजे किती?

या प्रकरणाला कधी 20 हजार, कधी 30 हजार, कधी 32 हजार कोटींचा घोटाळा म्हटलं गेलं. मालिकेच्या जाहिरातीतही तो आकडा मिरवला. पण 2007 मध्ये पुण्याच्या विशेष मकोका न्यायालयानं तेलगीला 13 वर्षं सक्तमजुरी दिली, तेव्हा दंड होता 202 कोटींचा. कुठे 30 हजार, कुठे 202?

या फरकाचा मोठा भाग भिवंडीच्या गोदामातच उलगडतो. जप्त झालेल्या गठ्ठ्याची किंमत सांगताना त्यावर छापलेला आकडा मोजला जातो. कागदावर 10 हजार छापलं असेल तर 10 हजार. तो गोदामात पडून असेल, कुणी घेतलाही नसेल, तरी 10 हजारच. म्हणजे छापलेली किंमत वेगळी, तेलगीच्या हातात आलेले पैसे वेगळे आणि सरकारचं बुडालेलं शुल्क आणखी वेगळं. बातमीत मात्र या तिन्हींची एकच बेरीज होते, कारण हेडलाइनमध्ये तीन आकडे मावत नाहीत. पुढच्या वेळी एखाद्या धाडीत 'अमुक कोटींचा माल जप्त' असं वाचाल तेव्हा तो कुठल्या भावानं मोजलाय ते बघा.

खरं नुकसान तरीही भयंकर होतं, आणि ते मोजणं जवळपास अशक्य होतं. विकला गेलेला बनावट मुद्रांक कुठल्या तरी फ्लॅटच्या करारनाम्याला चिकटून कुणाच्या तरी कपाटात गेला होता. त्या घरमालकानं पूर्ण पैसे मोजले होते. ते सरकारपर्यंत पोचलेच नव्हते, हे त्याला कळणार कसं? कायद्यानं असा दस्त थेट रद्द होत नाही. तो पुरावा म्हणून वापरायचा तर शुल्क आणि दंड भरून नियमित करून घ्यावा लागतो. मुद्रांकाची त्रुटी दुरुस्त करता येते, करार त्यामुळे मरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठानं डिसेंबर 2023 मध्ये लवादाच्या करारांबाबत पुन्हा सांगितलं. पण दुसऱ्यांदा पैसे भरायचे कुणी, तर ज्याच्या हातात कागद आहे त्यानं.

पतन झालं, पण कुणाचं?

तेलगी नोव्हेंबर 2001 मध्ये अजमेरला पकडला गेला. जून 2002 मध्ये पुण्यात बंडगार्डन पोलिस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. आणि जानेवारी 2003 मध्ये विशेष तपास पथकाचे सुबोध जयस्वाल यांना तेलगी दिसला तो पोलिस कोठडीत नाही, तर कफ परेडच्या स्वतःच्या फ्लॅटवर, पोलिसांच्याच सोबत. आरोपी कोठडीत असल्याची नोंद कागदावर बरोबर होती. म्हणजे खरा दिसणारा खोटा कागद पोलिसांकडेही होता.

अण्णा हजारे हायकोर्टात गेले, तपासावर देखरेख आली, 2004 मध्ये सुप्रीम कोर्टानं प्रकरण सीबीआयकडे दिलं. मुंबईचे तेव्हाचे पोलिस आयुक्त निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी अटक झाले, पुढे ते आरोपांतून सुटले. तेलगीनं गुन्हा कबूल केला, शिक्षा भोगत असताना ऑक्टोबर 2017 मध्ये बेंगळुरूत गेला.

मालिका बघणाऱ्याला हा शेवट पुरतो. पण 31 डिसेंबर 2018 ला नाशिकच्या न्यायालयानं प्रेसमधून रेल्वेनं जाणाऱ्या मुद्रांकांच्या प्रकरणात तेलगीसह सगळ्या आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं. त्यात रेल्वे सुरक्षा दलाचे लोक होते. तेलगीला जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. सरकारी छापखान्याच्या दारापासून या धंद्यापर्यंतची साखळी कोर्टात सिद्ध झालीच नाही.

मग बदललं काय?

बदलला तो कागद. फ्रँकिंग आलं, ई-स्टॅम्पिंग आलं, महाराष्ट्रात बँकेतून निघणारी ई-एसबीटीआर पावती आली. आधी पैसे तिजोरीत, मग नंबर असलेली पावती, आणि तो नंबर ऑनलाइन तपासता येतो. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यानं 100 आणि 200 रुपयांची किमान शुल्कं 500 वर नेली, तेव्हा सोशल मीडियावर आरडाओरडा झाला तो महागाईचा. बनावट कागदाची भीती कुणाच्या डोक्यातही नव्हती. भिवंडीच्या गोदामात मुद्रांकांचे गठ्ठे रचून आज कुणी श्रीमंत होणार नाही.

तो आता बिलं छापेल. छापायचीही गरज नाही, पीडीएफ पुरते.

जीएसटीत खरेदीवर भरलेला कर विक्रीच्या करातून वजा होतो, त्याला म्हणतात इनपुट टॅक्स क्रेडिट. दुसऱ्याच्या आधार-पॅनवर आणि कुठल्या तरी वीजबिलावर कंपनी काढायची, माल न देता नुसतं बिल द्यायचं आणि टक्केवारी घ्यायची. घेणारा त्या बिलावर क्रेडिट उचलतो. पुन्हा तेच, कर भरल्याचा कागद आहे, कर मात्र नाही. केंद्र आणि राज्यांनी 16 मे ते 15 जुलै 2023 या दोन महिन्यांत मोहीम काढली तेव्हा नोंदणी असलेल्या पण अस्तित्वातच नसलेल्या 21,791 फर्म सापडल्या. संशयित करचोरी 24,010 कोटींची.

यावर अजून कुणी मालिका काढलेली नाही, कारण हिरो कोण करणार? हजारो फर्म, त्यांचे मालक बऱ्याचदा असे की आपल्या नावावर कंपनी आहे हे त्यांनाच ठाऊक नाही.

फटका कुठे बसतो ते मात्र भिवंडीत बसून कळतं. समजा, एखाद्या छोट्या लूमवाल्यानं 10 लाखांचं सुती सूत घेतलं. 5 टक्क्यांनी 50 हजार जीएसटी व्यापाऱ्याला दिला, बिल घेतलं. माल खरा आला, पैसे बँकेतून गेले. वर्षा-दोन वर्षांनी नोटीस येते की व्यापाऱ्याची नोंदणी बोगस निघाली, त्यानं कर भरलेलाच नाही, तुमचं क्रेडिट परत करा, वर व्याज द्या. जीएसटी कायद्याच्या कलम 16 मध्ये अट आहे की विकणाऱ्यानं कर सरकारकडे भरलेला असला पाहिजे. तो भरला की नाही हे बघण्याचा भार शेवटी येऊन पडतो सूत घेणाऱ्यावर. सीए सांगतो, आधी जीएसटी पोर्टलवर नंबर टाकून बघ, त्यानं रिटर्न भरलंय का बघ, मग पैसे दे. लूमवाला विचारतो, मालाची गाडी दारात उभी आहे, सूत आज नाही उतरवलं तर उद्या माग बंद, मी पोर्टल कधी बघू?