अडुळशाचे फूल आणि आपल्या खलातील मध

मध योगवाही आहे, हे प्रत्येक वैद्य जाणतो. मात्र तो योगवाही का, याचे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात दिलेले कारण आपण क्वचितच आठवतो. मध नाना द्रव्यांपासून उत्पन्न होतो, म्हणून तो श्रेष्ठ योगवाही, असे ते कारण आहे. ही नाना द्रव्ये म्हणजे नाना पुष्पेच होत. तेव्हा फूल आणि मधमाशी यांचा व्यवहार हा केवळ वनस्पतिशास्त्राचा विषय नसून द्रव्यगुणाचेही अंग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या नित्य परिचयाचा अडुळसा घ्या. त्याचे पांढरे फूल दोन ओठांचे असते. खालचा ओठ पसरट असून माशीला उतरण्यास जागा देतो. त्यावरील जांभळट रेषा फुलाच्या कंठाकडे जातात. या शोभेच्या रेषा नव्हेत. तळाशी असलेल्या मकरंदाची ती वाट आहे. फुलांवरील अशा मधुदर्शक खुणांचा अर्थ श्प्रेंगेल या जर्मन अभ्यासकाने 1793 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला. मधमाशीला आपल्यासारखा लाल रंग ओळखता येत नाही, परंतु आपल्याला अदृश्य असणारे अतिनील किरण दिसतात. त्यामुळे आपल्याला एकरंगी भासणाऱ्या काही फुलांवरही तिला अशा खुणा दिसतात.

अडुळशाचे पुंकेसर वरच्या ओठाखाली दडलेले असतात. मकरंदासाठी भुंगा किंवा मोठी माशी आत शिरली की पराग तिच्या पाठीला लागतात. तुळशीचे फूलही द्विओष्ठीच, परंतु तिचे पुंकेसर खालच्या ओठावर टेकलेले असल्याने पराग माशीच्या पोटाला लागतात. शिवाय एका फुलात मकरंद अत्यल्प असल्याने माशीला अनेक फुले हिंडावी लागतात, आणि एका फेरीत ती बहुधा एकाच जातीच्या फुलांवर जाते. म्हणूनच तुळशीचे पराग तुळशीलाच पोहोचतात.

चरकाचार्यांनी मधाचे माक्षिक, भ्रामर, क्षौद्र व पौत्तिक असे चार प्रकार सांगितले, तर सुश्रुताचार्यांनी आठ. ही वर्गवारी मुख्यतः माशीवरून आहे. आज महाबळेश्वरचा मध मात्र जांभूळ, हिरडा, कारवी अशा फुलोऱ्यावरून ओळखला जातो. या दोन दृष्टींत विरोध नाही. कोणत्या फुलातील मकरंद कोणत्या माशीला साधेल, हे फुलाच्या कंठाची खोली आणि माशीच्या सोंडेची लांबी ठरवते. त्याच हिरड्याच्या व जांभळाच्या फळधारणेत कीटकांचा मोठा वाटा असतो. म्हणजे अनुपानातील मध आणि चूर्णातील हिरडा, दोन्ही एकाच माशीच्या श्रमावर अवलंबून आहेत.

आता नवी मुंबईकडे पाहू. पारसिकच्या टेकड्या, खारघरचा डोंगर आणि खाडीकाठची खारफुटी यांमुळे या शहराला आजही फुलोरा लाभलेला आहे. परंतु वसाहतींच्या बागांमध्ये दुहेरी पाकळ्यांची जास्वंद लावली जाते. तिच्यात पुंकेसरांच्या जागी पाकळ्याच वाढलेल्या असतात. पराग नाममात्र आणि मकरंदाची वाट बुजलेली. इमारतीला आग्या माश्यांचे पोळे दिसताच कीटकनाशक फवारले जाते. माश्यांच्या दंशाने प्राणावर बेतू शकते, हे वैद्य म्हणून मी नाकारणार नाही. तथापि प्रशिक्षित व्यक्तीकडून पोळे हलविणे हा मार्ग उपलब्ध असताना विषप्रयोग समर्थनीय ठरत नाही.

आपणही यात निर्दोष नाही. पाने भरपूर मिळावीत म्हणून आपल्या वनौषधी उद्यानांत तुळशीच्या मंजिऱ्या खुडल्या जातात आणि अडुळशाचे कुंपण ऐन बहरापूर्वी छाटले जाते. औषधी उद्यानात औषधी वनस्पती फुलूच नयेत, हा विरोधाभास आहे.

म्हणून वैद्यबंधूंना व भगिनींना दोन सूचना कराव्याशा वाटतात. आपल्या बागेतील निदान चौथा हिस्सा दरवर्षी फुलू द्यावा आणि त्यावर फवारणी करू नये. मध घेताना तो कोणत्या भागातला, कोणत्या ऋतूतला, कोणत्या फुलोऱ्याचा, हे विक्रेत्याला विचारावे. भूमी आणि काल यांचा विचार आपण प्रत्येक वनस्पतीच्या संग्रहणात करतो. मधाला त्यातून वगळण्याचे कोणतेही शास्त्रीय कारण मला दिसत नाही.