विहीर माझी, पाणी कुणाचे?



उन्हाळा लागला की गावोगाव एक प्रश्न कानावर येतो. "साहेब, जमीन माझी, सातबारा माझ्या नावावर, बोअरला पैसा माझा. मग बोअर कुठे घ्यायचा आणि किती खोल न्यायचा, हे सरकारने मला का सांगावे?"

असे विचारणाऱ्याला आडमुठा म्हणून गप्प बसवू नये. प्रश्न रास्त आहे. सरकार माणसाच्या स्वातंत्र्यावर बंधन घालते तेव्हा त्याचे कारण सांगण्याची जबाबदारी सरकारची असते. म्हणून आज बी-बियाणे बाजूला ठेवून याच प्रश्नाचा विचार करू.

इंग्रज अमदानीत १८८२ साली वहिवाटीच्या हक्कांचा कायदा झाला. जमिनीखालचे जे पाणी ठरावीक प्रवाहातून वाहत नाही, ते आपल्या हद्दीत गोळा करण्याचा व वापरण्याचा हक्क त्या कायद्याने जमीनमालकाचा मानला. त्या काळी यात फारसे वावगे नव्हते. विहिरीवर मोट होती. बैल दमले की उपसा थांबे आणि रात्रीतून विहीर पुन्हा भरे. विजेची मोटार मात्र दमत नाही. शिवाय महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या कातळाचा आहे. त्यात पाणी मुरते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. ही कोठी लहान आहे आणि तिला आपल्या बांधाची हद्द ठाऊक नाही.

एका गावात मी पाहिलेली हकीकत सांगतो. एका बागायतदाराने तीनशे फूट बोअर घेतला. पुढच्या वर्षी शेजारच्या दोन विहिरी माघातच आटल्या. त्या शेजाऱ्यांनी कर्ज काढून चारशे फूट गाठले, तेव्हा पहिल्याचा बोअर कोरडा पडला. या चढाओढीत दीड एकरवाल्या एका विधवा बाईची जुनी विहीर कायमची गेली. बोअरला तिच्याकडे पैसा नव्हता. ती दुसऱ्याच्या बांधावर रोजाने जाऊ लागली. तिच्याकडे कुणी चोरी केली नव्हती. जो तो आपापल्या जमिनीत आपल्या मर्जीने वागला होता. तरी तिचे पाणी गेले. मग मर्जीने वागण्याचे तिचे स्वातंत्र्य कुठे राहिले? अंकुश नसला की बळी तो कान पिळी. इथे बळी तो, ज्याचा पाइप सर्वांत खोल.

या गोष्टीचा विचार मोठमोठ्या विचारवंतांनी करून ठेवला आहे. इंग्लंडमध्ये जॉन लॉक नावाचा तत्त्ववेत्ता होऊन गेला. राज्यसत्तेवरचा त्याचा ग्रंथ १६८९ साली निघाला. त्याचे म्हणणे असे की माणूस आपल्या श्रमाने जे मिळवतो ते त्याचे होते. झऱ्याचे पाणी सर्वांचे, पण घागरीत भरले ते भरणाऱ्याचे. मात्र त्याने एक अट घातली: दुसऱ्यांना पुरेसे आणि तितकेच चांगले उरले पाहिजे. भरल्या नदीचे पाणी एकाने पोटभर प्याले तर दुसऱ्याचे काही जात नाही, असा दाखला त्याने दिला. आपल्या कातळाखाली मात्र नदी नाही. तिथे एकाचा घोट दुसऱ्याच्या तोंडचा असू शकतो. लॉकची अट मोडते ती इथेच.

पुढे १८५९ साली जॉन स्टुअर्ट मिल याने स्वातंत्र्यावर पुस्तक लिहिले. माणसावर सक्ती करायची ती त्याच्यापासून दुसऱ्याला होणारी इजा टाळण्यासाठीच, त्याच्या स्वतःच्या भल्यासाठी नव्हे, असे त्याने सांगितले. हा मिल ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरीला होता आणि हे तत्त्व हिंदुस्थानच्या लोकांना लागू करायला तयार नव्हता! ते त्याचे चुकलेच. पण माप खरे असेल तर ते आपण वापरावे.

त्या मापाने आपला कायदा मोजू. १९९३ च्या महाराष्ट्राच्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या ठिकाणापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेण्यास मनाई केली. इथे एकाच्या उसाची आणि साऱ्या गावाच्या हंड्याची गाठ पडते. हे बंधन मापात बसते. उद्या सरकार म्हणाले की तुम्ही भुईमूग लावायचा की हरभरा हे आम्ही ठरवू, तर ते मापात बसणार नाही. त्यात सल्ला द्यावा. सक्ती करू नये.

आता दुसरी बाजू. सरकार हे शेताच्या कुंपणासारखे आहे. गुरे आत येऊ नयेत म्हणून ते असते. पण कुंपणच शेत खाऊ लागले तर? लहान शेतकऱ्याला नोटीस आणि वजनदार माणसाच्या बोअरकडे डोळेझाक, असे झाले तर नियमाचा मान राहत नाही. लॉकनेही हेच बजावले होते: सत्ता ही लोकांनी विश्वासाने सोपवलेली ठेव आहे, विश्वास मोडला तर लोकांनी ती परत घ्यावी. म्हणून कोणत्याही बंधनाला तीन प्रश्न विचारावेत. ते कुणाची इजा टाळते? ते सर्वांना सारखे आहे का? ते ठरवताना आम्हाला विचारले का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच मातीत सापडते. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरता घरातल्या माणसांवर ठरला, भूमिहीनांनाही हक्क मिळाला आणि उसाला मनाई झाली. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही असे ठरवले. दरवर्षी पावसाचा हिशेब मांडून तिथे पिके ठरतात. बंधन तिथेही आहेच, पण ते गावाने स्वतःवर घालून घेतलेले आहे.

येत्या ग्रामसभेत आपणही एवढे करावे. गावातल्या विहिरी व बोअर मोजावेत, पाणी किती फुटांवर आहे ते लिहावे, आधी पिण्याचे व जनावरांचे पाणी राखावे, मग पिकांचे बोलावे. बायकांना पुढे बसवावे. हंडा त्यांच्या डोक्यावर असतो. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? मग मोटार कुणाची, हा वादही उरत नाही. जे गाव आपला नियम आपण करते आणि पाळते, त्या गावात साहेबाला नोटीस घेऊन यावे लागत नाही.