कोणाचा क्रमांक वरचा?

मुलांनो, ऑलिंपिक स्पर्धा संपल्या की वर्तमानपत्रात पदकांचा तक्ता छापून येतो. आपण त्यात आधी काय शोधतो? भारताचा क्रमांक! २०२४ साली पॅरिसला भारत ७१ वा आला. २०२१ मध्ये टोकियोला झालेल्या स्पर्धेत तो ४८ वा होता. म्हणजे आपण २३ पायऱ्या घसरलो. पण पदके किती कमी झाली, सांगा बरे? फक्त एक. टोकियोत ७, पॅरिसला ६.

असे का झाले? या तक्त्यात आधी सुवर्णपदके मोजतात. ती सारखी असली तरच रौप्यपदकांकडे पाहतात, आणि शेवटी कांस्यपदकांकडे. टोकियोत नीरज चोप्राने ८७.५८ मीटर भाला फेकला व सुवर्णपदक मिळवले. पॅरिसला त्याने ८९.४५ मीटर फेकला, म्हणजे जवळजवळ दोन मीटर पुढे! तरी पदक रौप्य; कारण पाकिस्तानच्या अर्शद नदीमचा भाला ९२.९७ मीटरवर पडला. ती फेक अप्रतिमच होती. पण त्या एका पदकावर पाकिस्तान ६२ वा आणि सहा पदके मिळवूनही भारत त्याच्या खाली, हे मला पटत नाही.

शाळांच्या क्रीडास्पर्धांत पुष्कळदा पहिल्याला ५, दुसऱ्याला ३ व तिसऱ्याला १ गुण देतात. तसा हिशेब केला तर पॅरिसला भारताचे ८ गुण होतात, पाकिस्तानचे ५. टोकियोत आपले १५ झाले असते. घसरण इथेही दिसते, ती लपवायची नाही. पण कांस्यपदकालाही काही किंमत राहते.

कोणी म्हणतात, पदकांना लोकसंख्येने भागा. ऐकायला हे न्यायाचे वाटते. त्याच भालाफेकीत तिसरा आला वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनेडा देशाचा अँडरसन पीटर्स. या चिमुकल्या देशाची लोकसंख्या एक लाखाहून थोडी जास्त, आणि पॅरिसला त्याला कांस्यपदके दोन. आपण सुमारे १४० कोटी! पॅरिसची हजारभर पदके सगळीच्या सगळी भारताने जिंकली असती, तरी माणशी हिशेबात ग्रेनेडाच पुढे राहिला असता. शिवाय धावणे, भालाफेक अशा बहुतेक प्रकारांत एका देशाला तीनच खेळाडू उतरवता येतात, मग देश केवढाही असो. म्हणून मी गुणांच्या बाजूचा.

अडचण मात्र तिथेही आहे. पॅरिसला फ्रान्सच्या लेऑन मार्शां या जलतरणपटूने एकट्याने चार सुवर्णपदके जिंकली. भारताच्या हॉकी संघाने अनेक सामने खेळून कांस्यपदक आणले. माझ्या हिशेबाने त्या चार पदकांचे गुण २०, आणि आपल्या सगळ्या संघाचा १.